नाच बसवायचा नाही: शाळेत अभिव्यक्त हालचालीचा तास सुरू करणाऱ्यांसाठी

दिवाळीची सुट्टी संपली की मुलं शाळेच्या जिन्यात गाठतात आणि विचारतात, "बाई, आमचा नाच कधी बसवणार?" स्नेहसंमेलन जवळ आलेलं असतं. मग गाणं ठरतं, पन्नासातली सोळा मुलं निवडली जातात, उंचीप्रमाणे रांगा लागतात आणि उरलेली चौतीस वर्गात बसून पाढे लिहितात. मी मध्य मुंबईतल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत प्राथमिकला शिकवते. बरीच वर्षं ही निवड मीच करत होते. आमच्या वर्गातला एक मुलगा तिसरीपासून दर वर्षी पडदा ओढायला असायचा. तुला नाचायचंय का, असं त्याला कधी कुणी विचारलं नाही. मीही नाही.

पुढे मी आठवड्यातला एक तास वेगळा मागून घेतला. त्या तासाला नाच बसवायचा नाही, एवढंच तेव्हा ठरलं होतं. बाकी सगळं चुकत-माकत शिकले. तुम्ही शिक्षक असाल, किंवा शाळेत असं काही सुरू व्हावं म्हणून धडपडणारे पालक असाल, तर पहिल्या वर्षात जिथे जिथे अडायला होतं त्या जागा आधीच सांगून ठेवते.

१. फरक आधी स्वतःशी पक्का करा

बसवलेल्या नाचात हालचाल बाईंच्या अंगातून निघते आणि मुलांच्या अंगावर चढवली जाते. हालचालीच्या तासाला बाई फक्त प्रश्न विचारतात, उत्तर मुलाचं शरीर देतं. "हात वर करा" म्हटलं की झाली कवायत. "हात किती प्रकारे वर जाऊ शकतो?" असं विचारलं की पन्नास मुलांची पन्नास उत्तरं येतात आणि त्यातलं एकही चूक नसतं. ज्या मुलाचं गणितात, शुद्धलेखनात, वाचनात रोज काही ना काही चुकतं, त्याला आठवड्यातला एक तास असा मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे.

ही कल्पना नवी नाही आणि कुणाची चैनही नाही. जिनिव्हात संगीत शिकवणारे एमिल जाक-डालक्रोझ (१८६५-१९५०) यांना दिसलं की विद्यार्थ्यांना स्वरलिपी वाचता येते, पण ताल त्यांच्या अंगात उतरलेला नसतो. म्हणून त्यांनी चालणं, थांबणं, उडी मारणं यातून ताल शिकवायला घेतला. १९१९ मध्ये श्टुटगार्टला पहिली वॉल्डॉर्फ शाळा निघाली. तिथे बोललेला शब्द आणि संगीत हालचालीतून दाखवायचा युरिद्मी हा विषय वेळापत्रकातच होता. त्या पद्धतीच्या शाळा आज मुंबईतही आहेत. नर्तक आणि हालचालीचे अभ्यासक रुडॉल्फ लाबान (१८७९-१९५८) १९३८ मध्ये इंग्लंडला गेले आणि हालचालीबद्दलचा त्यांचा विचार पुढे तिथल्या शाळांमध्ये रुजला. आपल्याकडे रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनात नृत्याला शिक्षणाचा भाग केलं, तेही घरंदाज मुलींनी नाचणं लोकांना रुचत नव्हतं अशा काळात.

मला या तासाची गरज पटली ती मात्र मुंबईमुळे. आमची बरीच मुलं दहा बाय बाराच्या खोलीत राहतात, व्हॅनमध्ये एकमेकांच्या मांडीवर बसून येतात आणि एका बाकावर तिघं बसतात. दोन्ही हात पूर्ण पसरता येतील अशी जागा त्यांना दिवसभरात कुठेच मिळत नाही. ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल मिळावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आठवड्यातल्या एका तासाने हा हिशोब भरून निघणार नाही. पण आपलं शरीर म्हणजे नुसतं गप्प बसवायची वस्तू नाही, एवढं तरी मुलाला कळतं.

२. मुख्याध्यापकांकडे रिकाम्या हाताने जाऊ नका

"मुलांना मोकळं व्हायला मिळेल" एवढ्यावर परवानगी मिळत नाही. वेळापत्रक कुठून मोकळं करायचं, हा त्यांचा खरा प्रश्न असतो, विशेषतः सकाळ आणि दुपार अशा दोन अधिवेशनांत भरणाऱ्या शाळेत. म्हणून नवा तास मागू नका, असलेलाच मागा. राज्याच्या प्राथमिक अभ्यासक्रमात कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण हे विषय आहेतच, आणि कलेत चित्राबरोबर गायन, वादन, नृत्य, नाट्यही येतं. बालभारतीचं 'खेळू, करू, शिकू' हे पुस्तक शाळेच्या कपाटात असतंच, ते सोबत न्या आणि नृत्य-नाट्याची पानं उघडून दाखवा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कला आणि इतर विषय यांच्यात भिंत नको असं म्हटलं आहे. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही कलाशिक्षणाला स्वतंत्र जागा आहे. या तीन गोष्टी एका पानावर लिहून दिल्या की बोलणं सोपं जातं.

मागणी लहान ठेवा. एक इयत्ता, एक तुकडी, आठवड्याला एक तास, एक सत्र. "चालेल का बघू" असं म्हणायला त्यांनाही जागा राहते.

सापळा: आधीच्या एका शाळेत माझा हा तास जूनमध्ये मंजूर झाला आणि नोव्हेंबरात गॅदरिंगच्या तालमीसाठी काढून घेतला गेला. "तसाही नाचाचाच तास आहे ना," असं मला सांगण्यात आलं. मुलांनी चार महिन्यांत जे कमावलं होतं ते पंधरा दिवसांत रांगेत उभं राहिलं. तेव्हापासून मी अर्जातच एक वाक्य घालते: "हा तास स्नेहसंमेलनाच्या सरावासाठी वापरला जाणार नाही." ते मंजूर करून घ्या. तुम्हाला पुढे कुणाशी भांडायची वेळ येणार नाही.

शनिवारचा शेवटचा तास मिळत असेल तर घेऊ नका. अर्धी मुलं दप्तर भरून बसलेली असतात.

३. कागदपत्रं

आपल्याच शाळेत, आपल्याच वर्गावर तास घ्यायचा असेल तर एवढं पुरतं:

- मुख्याध्यापकांना अर्ज, मंजुरीच्या सहीसह त्याची प्रत स्वतःकडे
- सत्राचा एक पानी आराखडा, आठवड्यांप्रमाणे
- पालकांचं संमतीपत्र, त्यातच तब्येतीची माहिती: दमा, फिट येणं, हृदयाचा त्रास, अलीकडे झालेलं फ्रॅक्चर, चष्मा, श्रवणयंत्र
- फोटो आणि व्हिडिओसाठी वेगळी संमती (तासाच्या संमतीत ती मिसळू नका, पुष्कळ पालकांना तास हवा असतो पण फोटो नको असतो)
- शाळा व्यवस्थापन समितीच्या किंवा पालक-शिक्षक संघाच्या बैठकीच्या इतिवृत्तात एक ओळ

बाहेरचे प्रशिक्षक आणणार असाल तर आणखी काही लागतं: ओळखपत्र, पोलिसांकडचा चारित्र्य पडताळणीचा दाखला, शिक्षणाची किंवा अनुभवाची कागदपत्रं, आणि मानधन किती, कोण देणार, कधी देणार याचं लेखी पत्र. महापालिकेची शाळा असेल तर बाहेरच्या माणसाला वर्गावर आणण्याची परवानगी मुख्याध्यापकांच्या हातात नसते. बीट अधिकारी किंवा विभागाचे प्रशासकीय अधिकारी यांच्याकडून ती घ्यावी लागते, त्यासाठी वेळ धरून चला. आणि परवानगी कागदावर आली तरी वर्गशिक्षिकेने त्या तासाला वर्गातच थांबायचं. यात सूट नाही.

प्रशिक्षक निवडताना मी एकच प्रश्न विचारते: "पहिल्या तासाला काय घ्याल?" उत्तरात गाण्याचं नाव आलं तर तो माणूस नाच बसवणारा आहे. तो कदाचित उत्तम कलाकार असेल, पण तुम्हाला हवा तो हा माणूस नव्हे. नृत्याची पदवी घेतलेले, मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीत किंवा नाट्य विभागात शिकलेले तरुण या शहरात आहेत. त्यांच्यातलं लहान मुलांना थांबून पाहणारं कुणीतरी शोधा.

४. जागा

हॉल मिळाला तर उत्तम, पण बहुतेक शाळांत हॉल म्हणजे कुणाची तरी परीक्षा, कुणाचं तरी शिबिर. वर्गखोलीत होतं. बाकं भिंतीला लावली की आमच्या खोलीत साधारण २० बाय २० फूट मोकळे होतात, म्हणजे ४०० चौरस फूट. त्यात अठ्ठेचाळीस मुलं मावत नाहीत. चोवीस मावतात, प्रत्येकाला ४ बाय ४ फूट. म्हणून अर्धी मुलं करतात आणि अर्धी बाकांवर बसून पाहतात, मग अदलाबदल. पाहणाऱ्यांना रिकामं ठेवू नका. "कुणाची तरी एक हालचाल डोळ्यांत पकडून ठेवा, नंतर मला सांगायची आहे," एवढं काम दिलं तरी गडबड अर्ध्यावर येते. माझ्या मते पाहायला शिकणं हा या तासाचा निम्मा भाग आहे.

लादी नीट बघा. जुलैत रेनकोटांचं पाणी गळून लादी ओली होते, तेव्हा आधी पुसून घ्या. मुलं अनवाणी असावीत. मोजे घालून कधीही नाही, मोजे लादीवर बर्फासारखे घसरतात. आमच्याकडे दोन मुलं पडली ती दोन्ही मोज्यांमुळेच. पोषण आहाराच्या खिचडीनंतर लगेचचा तास नको, मध्ये तासाभराचं अंतर ठेवा.

इमारतीतल्या शाळेत खालच्या मजल्यावर कोण आहे ते ठाऊक असू द्या. आम्ही तिसऱ्या मजल्यावर उड्या मारत होतो आणि खाली सातवीची चाचणी चालू होती. आता मी तासाआधी खाली जाऊन विचारून येते. चाचणी असेल त्या दिवशी 'मांजराचा तास' असतो: पावलाचा आवाज आला की तो खेळाडू बसला. मुलांना हा तास इतका आवडतो की तीच मला विचारतात, "बाई, खाली परीक्षा आहे का?"

५. साहित्य

खडू, एक डफ, वर्तमानपत्रं, चार-पाच जुन्या ओढण्या. बस.

डफाबद्दल जरा थांबून सांगते. पहिल्या वर्षी मी मोबाइलला स्पीकर जोडला. गाणं सुरू झालं की मुलांच्या अंगात त्या गाण्याच्या व्हिडिओतल्या स्टेप्स यायच्या, चाळीसच्या चाळीस जणांच्या सारख्याच. डफ आणला आणि चित्र पालटलं. गाणं लावलं की मुलं गाण्याच्या मागे धावतात. डफ हातात असला की बाई मुलांच्या मागे जाऊ शकतात: कुणी हळू चालतंय तर ठेका हळू, कुणी थबकलं तर ठेका थांबला. वाजवता येत नसेल तरी अडत नाही. मला आजही एक ठोका, दोन ठोके आणि बोटांनी कुरकुर एवढंच येतं. डफ नसेल तर बाकाच्या फळीवर डस्टर वाजवा.

६. पहिला तास

आमचा तास ३५ मिनिटांचा. तो असा जातो.

पहिली पाच मिनिटं बाकं सरकवण्यात जातात, आणि हीसुद्धा हालचालच आहे. एका बाकाला चौघं, बाक उचलायचा, ओढायचा नाही, आवाज करायचा नाही. मुलं हे पहिल्याच दिवशी मन लावून करतात.

मग चपला-बूट बाहेर, गोलात उभं राहणं, आणि तीन मिनिटांत एकच नियम. डफाचा एक ठोका म्हणजे 'स्टॅच्यू', दोन ठोके म्हणजे चाला. पाच-सहा वेळा नुसतं हेच करा. मुलं ठोक्याला थांबत नाहीत तोवर पुढे जाऊ नका, कारण पुढे सगळी सुरक्षितता या एका ठोक्यावर उभी आहे.

पुढची आठ मिनिटं 'दादरचा पूल'. सगळ्यांनी खोलीभर चालायचं, कुणालाही धक्का न लावता, नेहमी रिकाम्या जागेकडे. मग तुम्ही सांगायचं: पूल रिकामा आहे. आता दोन गाड्या एकदम आल्या. आता गाडी सुटत्येय. आता पाऊस, जिना ओला. मुंबईच्या मुलांना गर्दीतून अंग चोरून निघणं जन्मापासून येतं. इथे त्यांना पहिल्यांदा कळतं की ही एक कला आहे आणि ती आपल्याकडे आहे.

त्यानंतर सात मिनिटं 'एकच अवयव'. कोपर पुढे जाईल आणि बाकी शरीर त्याच्या मागे. मग गुडघा, मग नाक, मग पाठ. पाठ पुढे जाऊ लागली की वर्गात शांतता पसरते, कारण पाठीने चालायचा विचार कुणी कधी केलेला नसतो.

पाच मिनिटं जोड्यांनी 'आरसा'. समोरासमोर उभं राहून एकाने हळूहळू हलायचं, दुसऱ्याने तसंच. इतकं हळू की पुढे कोण आणि मागे कोण हे पाहणाऱ्याला कळू नये.

चार मिनिटं डोळे मिटून बसणं आणि एक प्रश्न: "आज शरीराच्या कुठल्या भागाची नव्याने ओळख झाली?" तीन मिनिटांत बाकं परत जागेवर. घंटेच्या आधी. पुढच्या तासाचे सर दारात येऊन उभे राहिले आणि बाकं अजून भिंतीला असली, तर तुमच्या तासाबद्दलचं शिक्षकखोलीतलं मत त्याच दिवशी ठरतं.

सापळे दोन, आणि दोन्ही आपल्या सवयीचे. पहिला, करून दाखवणं. तुम्ही एकदा हात फिरवलात की पन्नास हात तसेच फिरतात. हात मागे बांधून उभं राहायची मी स्वतःला सवय लावली. दुसरा, "छान!" एका मुलीला छान म्हटलं की पुढच्या मिनिटाला सगळा वर्ग तिच्यासारखं करू लागतो. त्याऐवजी जे दिसलं ते सांगा: "तुझं कोपर आधी गेलं, मग मान वळली." मुलाला हे कौतुकापेक्षा जास्त भिडतं, कारण कुणीतरी नीट पाहिलं हे त्याला कळतं.

७. पुढचे आठवडे

लाबानने हालचालीकडे पाहण्याचा जो मार्ग दिला तो वर्गात फार उपयोगी पडतो. कुठलीही हालचाल घ्या आणि तीन गोष्टी विचारा. जोर लावून की हलकी? झटक्यात की सावकाश? सरळ नेम धरून की वळत-भरकटत? दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठ प्रकार होतात, आणि त्या आठही प्रकारांना आपल्याकडे घरातलीच क्रियापदं आहेत: ढकलणं, ठोसा मारणं, पिळणं, झोडपणं, सरकणं, टिपणं, तरंगणं, झटकणं. पिळणं म्हणजे जोर, सावकाश, वळत. झटकणं म्हणजे हलकं, झटक्यात, वळत. ओघ असा चौथा गुणही लाबान सांगतो, पण पहिल्या सत्रात तो बाजूला ठेवला तरी चालतो.

एका आठवड्याला दोन क्रियापदं घ्या. ओली चादर पिळा. आता चादर नाही, तुमचाच हात पिळा. आता सगळं अंग. मग विचारा, असं पिळल्यासारखं मनात कधी होतं? माझ्या वर्गातली एक मुलगी म्हणाली, "आई रात्री उशिरा येते तेव्हा." एवढंच म्हणाली. मी पुढे काही विचारलं नाही. अशा वेळी खोदून विचारू नका, तासानंतर शांतपणे तिच्याजवळ जा.

पडदा ओढणारा मुलगा मला याच आठवड्यांत दिसला. विषय होता, पावसात घरी जाणं. बहुतेकांनी छत्र्या उघडल्या, पळापळ केली. तो हिंदमाता चौकात तुंबलेल्या पाण्यातून चालत होता. दप्तर डोक्यावर, एका हाताने धरलेलं. पाय उचलत नव्हता, सरकवत होता, आणि प्रत्येक पावलाआधी अंगठ्याने खालचा रस्ता चाचपत होता, गटाराचं झाकण उघडं तर नाही ना म्हणून. मध्येच थांबून त्याने मागे हात केला. मागे धाकटी बहीण असणार, ते आम्हा सगळ्यांना दिसलं. मी डफ थांबवला होता आणि बाकांवरची चोवीस मुलं श्वास रोखून पाहत होती. आठ प्रकारांपैकी कुठला, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

साधारण पाचव्या-सहाव्या आठवड्यात 'कळसूत्री बाहुली' घ्या. १९५२ साली नृत्यदिग्दर्शक शांती बर्धन यांनी मुंबईत लिटल बॅले ट्रूप उभी केली आणि माणसांनी कळसूत्री बाहुल्यांच्या चालीत रामायण सादर केलं. ही गोष्ट मुलांना सांगा, आपल्या अंधेरीत हे घडलं हेही सांगा, आणि मग मनगटाला, कोपराला, गुडघ्याला दोरी बांधली आहे असं समजून चालायला लावा. सांधे कुठे असतात हे विज्ञानाच्या धड्यापेक्षा इथे लवकर कळतं. धड्यांशी जोड इतकीच पुरे. कोन, भरती-ओहोटी, पेशी असं सगळं नाचून दाखवायचा आग्रह मी सोडून दिला, कारण मग मुलं पुन्हा बाईंना हवं ते उत्तर शोधू लागतात.

८. घरून एक चाल आणा

गृहपाठ एकच द्या: घरातल्या मोठ्या माणसाकडून एक हालचाल शिकून या. आमच्याकडे कोकणातली कुटुंबं पुष्कळ, त्यामुळे जाखडीची पावलं आली. कुणाच्या आजीने झिम्मा शिकवला, कुणी वारीतली पावली आणली, कोळीवाड्यातल्या एकाने जाळं फेकून दाखवलं, कमरेच्या हिसक्यासकट. एका मुलीचे आजोबा गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांवर, होते. १९८२ च्या संपानंतर त्यांनी साच्याला हात लावलेला नाही, पण तुटलेला धागा सांधण्याची बोटांची हालचाल त्यांनी नातीला शिकवली. दोन बोटांत न दिसणारा धागा, अंगठ्याचा एक पीळ, आणि लगेच मान पुढच्या साच्याकडे. तिने वर्गात केलं, मग चोवीस जणांनी एकत्र केलं, आणि खोलीत खातं उभं राहिलं.

तारपा नृत्य जरूर घ्या. पालघरचे आणि आरेच्या पाड्यांवरचे वारली लोक ते नाचतात. दुधी भोपळ्याचा आणि बांबूचा तारपा वाजवणारा मध्ये, बाकीचे एकमेकांना धरून त्याच्याभोवती, तो वळेल तसे वळत. वर्गात वादकाच्या जागी रोज वेगळं मूल ठेवा. चोवीस जणांची साखळी आपल्या वळण्यावर चालते हे अनुभवलेलं मूल दुसऱ्या दिवशी वर्गात वेगळं बसतं. पाड्यावरची मुलं तुमच्या शाळेत असतील तर शिकवायचं काम त्यांना द्या, तुम्ही साखळीत उभ्या राहा.

लेझीम बहुतेक शाळांत आहेच, फक्त ती कवायतीसारखी आकड्यांवर चालते. एकदा आकडे न मोजता, एकमेकांचा आवाज ऐकून ठेका धरायला लावा. फुगडी मुलग्यांनाही घालू द्या, दोन फेऱ्यांत त्यांची लाज जाते.

९. स्पर्श आणि सुरक्षितता

पहिल्या आठवड्यातच सांगा: विचारल्याशिवाय कुणाला हात लावायचा नाही, आणि 'नको' म्हटलं की कारण विचारायचं नाही. हा नियम बाईंनाही लागू. खांदा सरळ करायचा तरी आधी विचारा. जिथे हात धरायचा तिथे ओढणीची दोन टोकं धरता येतात, साखळी तशीही होते. एखादं मूल कुणाजवळ जाताना आक्रसत असेल, किंवा हालचालीतून असं काही दाखवत असेल की तुमच्या पोटात खड्डा पडेल, तर वर्गात चर्चा नको. मुख्याध्यापक आणि सखी सावित्री समितीला (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची शाळेतली समिती) लगेच कळवा. लैंगिक अत्याचाराची शंका आली तरी पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा क्रमांक १०९८, तो फळ्याच्या वर लिहूनच ठेवा.

मुलींचा हा तास पीटीच्या गणवेशाच्या दिवशी ठेवा, स्कर्ट सावरण्यात निम्मी हालचाल जाते. ज्याला आज करायचं नाही त्याच्या हातात डफ द्या. पाळी असो, ताप असो, नुसतं मन नसो, कारण सांगावं लागू नये. चाकाच्या खुर्चीतलं मूल वर्गात असेल तर खेळाची सुरुवातच चेहरा, हात, श्वास यांच्यापासून करा, म्हणजे वेगळी सोय केल्यासारखं वाटत नाही.

१०. पालक

तीन प्रश्न येतातच. "अभ्यासाचं काय?" तास कलेच्याच वेळात आहे, एकही मिनिट गणितातून घेतलेलं नाही, हे वेळापत्रक दाखवून सांगा. "मुलगा आहे, त्याला नाचायला कशाला?" यावर वाद घालू नका, लेझीम आणि वारीची आठवण काढा, ते पुरतं. तिसरा प्रश्न जास्त नाजूक: "याचे दहावीला गुण मिळतात ना?" शास्त्रीय नृत्याच्या मान्य परीक्षा दिलेल्यांना सवलतीचे गुण असतात, हे खरं. गांधर्व महाविद्यालयाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा या वाटेने जायचं तर वेगळा गुरू आणि वर्षानुवर्षांचा रियाज लागतो. या तासाला त्यातलं काही मिळणार नाही, हे स्पष्ट सांगा. गोड बोलून वेळ मारून नेली तर मार्चमध्ये तेच पालक रागावून येतात, आणि त्यांचं चुकतही नाही.

११. नोंदी

गुण देऊ नका. आकारिक मूल्यमापनात कलेची वर्णनात्मक नोंद लिहावी लागतेच, ती या तासावरून लिहा. पण "नृत्यात आवडीने सहभागी होतो" हे साचेबंद वाक्य नको. माझ्या वहीत प्रत्येक तासाला फक्त चार मुलांच्या नावापुढे एकेक ओळ असते, म्हणजे बारा आठवड्यांत वर्ग पूर्ण होतो. नमुने: "थांबल्यावरही थांबणं टिकवतो, डोळेही हलत नाहीत." "जोडीत नेहमी मागे असे, आज पहिल्यांदा पुढे झाली." "उडीनंतर आवाज न करता उतरतो, गुडघे वाकवायला लागला." पालकसभेत अशी एक ओळ वाचून दाखवली की आई-वडील खुर्चीत पुढे सरकून बसतात.

१२. गॅदरिंगऐवजी खुला तास

डिसेंबरात दाखवा म्हणतील. रंगमंच घेऊ नका, खुला तास ठेवा. शनिवारी सकाळी, नेहमीच्याच खोलीत. कपडे पीटीचेच, मेकअप नाही, भाड्याचे पोशाख नाहीत, त्यामुळे पालकांचे पैसेही वाचतात. एकावेळी पंचवीसच पालक बोलवा, दोन गटांत. मोबाइल दारातल्या टोपलीत. सुरुवातीला दोन मिनिटं सांगा की यात चूक-बरोबर नाही आणि मुलं आज काय करतील हे तुम्हालाही ठाऊक नाही. मग पूल, आरसा, दोन क्रियापदं, घरून आणलेल्या चाली, एवढंच.

चपला बाहेर काढायला पालकांनाही आधीच सांगा, आणि लादी दुप्पट पुसून घ्या. शेवटच्या दहा मिनिटांत आरशाच्या खेळाला मुलं त्यांनाच आत ओढून नेतात.